शाम्पूची पुडी शेवटी जाते कुठे?

वाचकांचे प्रश्न

साबण, शाम्पू आणि टूथपेस्टच्या कारखान्यात पॅकेजिंग विभागात माझी उमेदीची वर्षं गेली. पुडी आणि नळी ज्या अनेक थरांच्या फिल्मची बनते तिचा, म्हणजे लॅमिनेटचा, रोल तपासून तो मशिनवर चढवायची परवानगी देणं हे माझं काम. निवृत्तीनंतर पुण्यात कचरावेचक भगिनींच्या वर्गीकरण शेडवर जाऊ लागले आणि तेच लॅमिनेट चिखलानं माखलेलं समोर येऊ लागलं. त्यामुळे कंपन्यांच्या पर्यावरणाच्या दाव्यांबद्दल पत्र आलं की मी ते आधी उत्तराला घेते. या महिन्यात अशी चार पत्रं आली.

प्रश्न : आमच्या घरी येणाऱ्या शाम्पूच्या पुडीवर आता ‘प्लास्टिक न्यूट्रल’ असं छापलेलं असतं. पण कचरा न्यायला येणाऱ्या मावशी या पुड्या घेत नाहीत. मी वेगळ्या साठवून दिल्या तरी त्या कचऱ्यातच टाकतात. मग कंपनी हे म्हणते तरी कशाच्या जोरावर?
– एक गृहिणी, सातारा

ताई, एक रिकामी पुडी धुऊन कात्रीनं कापा आणि कडेला नख लावून पाहा. थर सुटणार नाहीत. सर्वांत वर पॉलिएस्टरची फिल्म असते. छपाई तिच्या आतल्या बाजूला उलटी केलेली असते, म्हणून ओल्या हातानं कितीही चोळली तरी शाई निघत नाही. मध्ये अॅल्युमिनियमचा पातळ थर असतो. तो शाम्पूचा वास आणि ओलावा धरून ठेवतो. सर्वांत आत पॉलिथिन, कारण मशिनच्या गरम जबड्यांत दाबलं की तेच एकमेकांना चिकटतं आणि पुडी बंद होते. तिन्ही थर गोंदानं कायमचे जोडलेले असतात. पॉलिथिन साधारण 110 ते 130 अंशांना वितळतं, पॉलिएस्टरला 250 च्या पुढे जावं लागतं. सगळं एकत्र वितळवून कामाचा दाणा निघत नाही, म्हणून भंगारवाला भाव देत नाही. रिकामी पुडी भरते जेमतेम ग्रॅमभर. म्हणजे किलोभर माल जमवायला मावशींनी हजारेक वेळा वाकायचं आणि हातात काही पडायचं नाही. दुधाची पिशवी एकाच जातीच्या प्लास्टिकची असते, तिला भाव मिळतो, म्हणून ती त्या आनंदानं घेतात. मावशींचा हिशेब चोख आहे.

पुडी निघाली ती गरिबाला परवडावी म्हणून, हेही खरं आहे. तमिळनाडूत कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शाम्पूची पुडी आणली आणि रोजंदारीवरच्या बाईला एका वापरापुरता शाम्पू विकत घेता येऊ लागला. ती सोय मला कमी मोलाची वाटत नाही. पण त्या सोयीचा कचरा उचलायचा खर्च पुडीच्या किमतीत कुणी धरलाच नाही. तो पडला कचरा वेचणाऱ्या बाईच्या पाठीवर.

आता ‘न्यूट्रल’चं. 2016 च्या प्लास्टिक कचरा नियमांनी आणि 16 फेब्रुवारी 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी कंपन्यांवर ‘ईपीआर’ची, म्हणजे उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची सक्ती केली. कंपनी जेवढ्या वजनाचं प्लास्टिक बाजारात आणते, तेवढ्याची विल्हेवाट लावायची जबाबदारी तिची. पुडी यात तिसऱ्या वर्गात, म्हणजे बहुस्तरीय प्लास्टिकमध्ये मोडते. पण या वर्गातल्या किती मालाचा खरोखर पुनर्वापर व्हायला हवा? 2024-25 साठी 30 टक्के, आणि दर वर्षी वाढत 2027-28 पासून 60 टक्के. उरलेलं प्लास्टिक सिमेंटच्या भट्टीत, रस्त्याच्या डांबरात किंवा ऊर्जानिर्मितीत गेलं तरी चालतं.

तेव्हा ‘न्यूट्रल’ म्हणजे वजनाची बरोबरी. इकडे शंभर टन विकलं, तिकडे कुठेतरी शंभर टन गोळा होऊन मार्गी लागलं. ते तुमच्या साताऱ्यातलं असेल असं नाही, आणि त्याचं पुन्हा प्लास्टिक झालं असेल असंही नाही. भट्टीत कोळशाच्या जागी जाळणं हे नदीकाठी उघड्यावर पेटवण्यापेक्षा कितीतरी बरं, हे मी मनापासून मानते. पण जे जळलं ते जळलं. त्याला पुनर्वापर म्हणू नये. शिवाय हा सगळा व्यवहार प्रमाणपत्रांवर चालतो. 2023 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत प्लास्टिक पुनर्प्रक्रियेची लाखो खोटी प्रमाणपत्रं सापडली होती. तेव्हा नुसत्या कागदावर विसंबून राहू नका.

तुम्ही करू शकाल असं सांगते. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पर्यावरणाच्या फसव्या दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘हरित’, ‘इको-फ्रेंडली’ असले मोघम शब्द वापरायचे तर त्यांचा अर्थ आणि आधार ग्राहकाला सहज मिळेल असा द्यावा लागतो, पाकिटावर किंवा क्यूआर कोडमधून. म्हणून पुडीवरच्या ग्राहक सेवेच्या पत्त्यावर एक मेल पाठवा. विचारा, की गोळा केलेल्या मालापैकी किती टक्क्यांचं पुन्हा प्लास्टिक झालं आणि किती जाळलं? तो कुठल्या राज्यात गोळा झाला? गोळा करणाऱ्या कचरावेचकाला किलोमागे किती रुपये मिळाले? माझ्या मते तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याचंच उत्तर क्वचित मिळतं. गोलमोल उत्तर आलं तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा.

एका मेलनं काय होणार, असं वाटेल. पुण्याच्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनं 2013 मध्ये काय केलं ते सांगते. वापरलेले सॅनिटरी नॅपकिन नुसते वर्तमानपत्रात किंवा तसेच उघडे कचऱ्यात यायचे आणि ते हातानं वेगळे काढावे लागायचे. विनंत्या करून झाल्या. शेवटी या बायकांनी असे नॅपकिन पोत्यांत भरून थेट बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवले. पुढे 2016 च्या घनकचरा नियमांमध्ये नॅपकिनच्या पाकिटासोबत विल्हेवाटीसाठी वेष्टन देण्याची तरतूद आली. आज आपल्या पाकिटात जे छोटं वेष्टन असतं त्यामागे या बायकांची चिकाटी आहे. माझ्या शेडवरच्या ज्या मावशींनी ते दिवस काढलेत, त्या आजही नवीन मुलीला पहिल्यांदा हातमोजे घालायला लावतात.

प्रश्न : आमच्या गावाशेजारच्या एमआयडीसीत ग्राहकोपयोगी वस्तू बनवणारी एक कंपनी आहे. सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चातून, ती शाळेच्या भिंती रंगवते, पण भिंतीवर चित्र त्यांच्याच साबणाचं. कर्मचाऱ्यांच्या मुलांना वह्या वाटते. नाल्याला फेस येतो म्हणून आम्ही विचारलं, तर ‘सांडपाणी प्रकल्प सुधारतोय, तोही सीएसआरमध्येच धरलाय’ असं उत्तर मिळालं. हे नियमात बसतं का?
– ग्रामपंचायत सदस्य, कोकण

तुम्ही लिहिल्याप्रमाणे असेल, तर तिन्ही गोष्टी बसत नाहीत.

कंपनी कायद्याचं कलम 135 एप्रिल 2014 पासून लागू आहे. नक्त मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यांपैकी एक जरी मर्यादा गाठली तरी गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजासाठी खर्च करावी लागते. कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही त्याच कलमात आहे. आणि सीएसआर कशाला म्हणायचं नाही, तेही नियमांत स्पष्ट लिहिलंय. आपल्या मालाच्या जाहिरातीचा फायदा मिळवण्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व चालत नाही. फक्त कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम चालत नाही. आणि दुसऱ्या एखाद्या कायद्यानं जे करणं बंधनकारकच आहे, त्याचा खर्च यात धरता येत नाही. सांडपाणी शुद्ध करूनच सोडायचं ही प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातली अट आहे. ती पाळणं हा उपकार नाही.

आधी कंपनीचं पूर्ण नोंदणीकृत नाव शोधा. फाटकावरच्या पाटीवर असतं, नाहीतर मालाच्या पाकिटावर. मग तिच्या संकेतस्थळावर सीएसआर समितीची नावं, धोरण आणि मंजूर प्रकल्पांची यादी पाहा. ती जाहीर करणं बंधनकारक आहे. वार्षिक अहवालाला सीएसआरचा तक्ता जोडलेला असतो. त्यात सांडपाणी प्रकल्प खरोखरच दाखवलाय की साहेबांनी तोंडी सांगितलं, हे तिथेच कळेल. नाल्याचा विषय मात्र वेगळा ठेवा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात माहिती अधिकारात अर्ज करा आणि संमतीपत्राची प्रत व गेल्या वर्षभरातल्या पाण्याच्या नमुन्यांचे अहवाल मागा. ग्रामसभेत दोन्ही कागद वेगवेगळे वाचून दाखवा. वह्यांचे आभार मानताना नाल्याचा प्रश्न मागे पडतो, हे मी कारखान्याच्या आतून पाहिलेलं आहे. गावकरी भिडेखातर गप्प बसतात.

शाळेसाठी खरंच काही हवं असेल तर ते तुम्हीच लेखी मागा. मुलींसाठी पाण्याची सोय असलेली स्वच्छतागृहं आणि ती रोज साफ करणाऱ्या बाईंचा वर्षाचा पगार, असं मागा. बांधकामाला पैसा लवकर मिळतो. देखभालीला मिळत नाही आणि कुलूप तिथेच लागतं.

प्रश्न : मी पुण्यात एम.कॉम. करते. माझ्या प्रकल्पाचा विषय हिंदुस्थान युनिलिव्हर आहे. एकीकडे घाटकोपरचं सुविधा केंद्र, दुसरीकडे कोडाइकनालचा पारा. ही कंपनी जबाबदार आहे की नाही, असं एका वाक्यात सर विचारतात. काय लिहू?
– एक विद्यार्थिनी

एका वाक्यात लिहूच नकोस. सरांना तसं सांगायचं धाडस कर.

सुविधा केंद्र एकदा जाऊन पाहा. 2016 मध्ये घाटकोपरच्या आझाद नगरात पहिलं उघडलं. अंघोळ, हात धुणं आणि कपडे धुण्याचं पाणी तिथे साफ करून संडासात वापरतात. ज्या वस्तीत बायका हंड्यांच्या रांगेत उभ्या राहतात, तिथे ही योजना मोलाची आहे. ‘शक्ती’ प्रकल्पाची मांडणी मात्र वेगळी कर. 2001 च्या सुमारास तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या नलगोंडा जिल्ह्यातून तो वाढला. खेड्यातल्या बायका कंपनीचा माल घरोघर विकतात. त्यांच्या हाती पैसा येतो, हे चांगलंच आहे. पण तो धंदा आहे, दान नाही, आणि धंदा म्हणूनच त्याची तपासणी व्हावी. माल किती पडून राहतो, कमिशन किती, तोटा कुणाचा, ते विचार.

कोडाइकनालचा थर्मामीटर कारखाना पॉन्ड्स कंपनीसोबत युनिलिव्हरकडे आला. त्याची यंत्रसामग्री 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या वॉटरटाउनहून हलवलेली. मार्च 2001 मध्ये स्थानिक लोकांनी आणि ग्रीनपीसनं एका भंगारवाल्याच्या वखारीत पाऱ्याचा अंश असलेल्या फुटक्या काचेचा सात टनांहून मोठा ढीग उघडकीला आणला आणि कारखाना बंद झाला. पाऱ्यामुळे तब्येत बिघडल्याची तक्रार करणाऱ्या 591 माजी कामगारांबरोबर तडजोड झाली ती 2016 मध्ये. मध्ये पंधरा वर्षं गेली. तिथली पारामिश्रित माती किती साफ केली म्हणजे पुरे, यावर त्यानंतरही वाद चालू राहिला. घाटकोपरचं केंद्र आणि ही तडजोड एकाच वर्षातली आहे, ते शेजारी शेजारी लिही. एकातून दुसरं वजा करू नकोस. घाटकोपरमध्ये वाचवलेलं पाणी कोडाइकनालच्या कामगाराच्या कामाला येत नाही.

आकड्यांसाठी कंपनीचा बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांवरचा अहवाल घे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं 2022-23 पासून बाजारमूल्याप्रमाणे पहिल्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांना तो सक्तीचा केलाय. हसऱ्या मुलांचे फोटो असलेली पानं उलटून कायम आणि बिगर-कायम कामगारांचा तक्ता काढ. किमान वेतन आणि आरोग्य विमा यांचे आकडे दोघांसाठी वेगवेगळे दिलेले असतात. मी ज्या लाइनवर काम केलं तिथे पुड्या मोजून खोक्यात भरणाऱ्या मुली ठेकेदाराच्या होत्या. कामाची पाळी एकच, धूळ एकच, पण कँटीनचं कूपन वेगळं. कंपनीच्या जबाबदारीबद्दल मला जे काही कळलं ते त्या मुलींकडून. त्या तक्त्याला तुझ्या प्रकल्पात एक पूर्ण प्रकरण दे.

प्रश्न : टूथपेस्टच्या नळीवर हल्ली पुनर्वापराची खूण दिसते. ती सुक्या कचऱ्यात टाकली की काम झालं ना?
– एक ज्येष्ठ वाचक, डोंबिवली

काका, अजून तरी नाही. जुन्या नळीतही अॅल्युमिनियमचा थर असायचा, पुडीसारखाच. कोलगेटनं 2019 मध्ये पूर्ण एचडीपीईची नळी जाहीर केली, म्हणजे शाम्पूच्या बाटलीच्या जातीचं प्लास्टिक, आणि ते तंत्र प्रतिस्पर्ध्यांनाही खुलं केलं. ही मला फार मोठी गोष्ट वाटते. तुमच्यापासून जवळच, वाशिंदला, ईपीएलचा म्हणजे पूर्वीच्या एस्सेल प्रोपॅकचा कारखाना आहे. ती कंपनीही एकाच जातीच्या प्लास्टिकच्या नळ्या करते. पण भंगारच्या दुकानात नवी आणि जुनी नळी सारखीच दिसते, आत पेस्ट चिकटलेली असते, म्हणून दोन्ही फेकल्या जातात. नळी आडवी कापून उरलेली पेस्ट वापरून टाका, धुवा, वाळवा आणि खूण वर दिसेल अशी द्या. तुमच्याकडे येणाऱ्या कचरावेचकाला एकदा खूण दाखवून विचारा, त्याचा भंगारवाला घेतो का. नाही म्हणाला तरी टोपण वेगळं काढून द्या. ते बहुधा पॉलिप्रॉपिलीनचं असतं आणि त्याला आजही भाव मिळतो.