आधी उच्चार विचार

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या चिनी नावावर सोलापुरात बोलायचे ठरवलेस आणि ‘के दिहुआ’ या तीन अक्षरांचा अर्थ शोधताना एके ठिकाणी कुऱ्हाडीचा दांडा, दुसरीकडे भाऊ आणि तिसरीकडे फूल हाती लागल्याने गोंधळलीस. हा गोंधळ मला मोलाचा वाटतो. परंतु या तिघांची मोट बांधून एक सुंदर वाक्य तयार करण्याचा जो बेत तू पत्रात कळवला आहेस, तो आजच सोडून दे. चिनी अक्षर समोर आले की आधी त्याचा उच्चार विचार.

‘के’ हेच अक्षर पाहा. डावीकडे झाडाची खूण आहे, ती विषय सांगते. उजवीकडचा भाग स्वतंत्रपणेही ‘के’ असाच वाचला जातो आणि येथे तो केवळ ध्वनी पुरवतो. शू शन या चिनी कोशकारांनी इ. स. 100 च्या सुमारास पूर्ण केलेल्या कोशातील 9,353 अक्षरांपैकी 80 टक्क्यांहून अधिक अक्षरे अशाच जोडणीची आहेत. ‘आई’ या अर्थाच्या ‘मा’ अक्षरात स्त्रीशेजारी घोडा दिसतो, म्हणून आई घोड्यासारखी राबते असे भाबडेपणाने सांगणारे पुष्कळ भेटतात. घोड्यालाही ‘मा’ म्हणतात, एवढेच त्याचे कारण आहे. आधी उच्चार!

जी अक्षरे खरोखर चित्रातून आली, तेथेही डोळ्यांवर विसंबू नकोस. ‘लाय’ हे गव्हाच्या रोपाचे चित्र होते. ‘येणे’ या क्रियापदाचा उच्चार त्याच्याशी जुळत असल्याने ते त्यासाठी उसने घेतले गेले आणि तेथेच राहिले. शू शन थोर विद्वान होते, तरीही ‘करणे’ या अर्थाच्या अक्षरात त्यांना माकड दिसले, कारण चीनमधील आनयांगजवळ पुरलेली, शांग राजघराण्याच्या काळातील कोरीव अक्षरांची हाडे आणि कासवांची कवचे त्यांनी पाहिलेली नव्हती. त्यांवरील लेखनाकडे अभ्यासकांचे लक्ष 1899 मध्ये गेले, आणि तेथे त्याच अक्षरात हत्तीच्या सोंडेजवळ माणसाचा हात कोरलेला आहे. एवढ्या मोठ्या माणसाची नजर जेथे फसली, तेथे आजच्या छापील आकाराकडे पाहून अर्थ सांगणारे आपण कोण?

या हाडांवरील लेखांचा रीतसर अभ्यास करण्याची माझी फार इच्छा होती. घरच्या जबाबदाऱ्यांमुळे ते राहून गेले आणि ती खंत अजून जात नाही. कदाचित म्हणूनच मी हा एक नियम इतका घट्ट धरून बसलो आहे. वर्गात चित्रांच्या गोष्टी सांगितल्या असत्या तर मुले टिकली असती, असे मला वारंवार ऐकवले गेले. एका आयोजकांनी तशी अटच घातली, तेव्हा मी व्याख्यान नाकारले, आणि आजही नाकारीन. श्रोत्यांना रस वाटावा म्हणून दुसऱ्यांच्या भाषेवर तिच्यात नसलेला अर्थ लादण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

आता कोटणीसांच्या नावाकडे वळ. पहिली दोन अक्षरे त्यांच्या आडनावाच्या उच्चाराजवळ जाणारी आहेत. ‘के’ हे चीनमध्ये प्रत्यक्ष प्रचारात असलेले आडनाव आहे, आणि समान उच्चाराच्या अनेक अक्षरांतून एक निवडताना अर्थाचा विचार होतोच. पण तो नंतर. ‘हुआ’ मात्र अर्थासाठीच आले. त्याचा मूळ अर्थ फूल, आणि तेच चीनचे एक नाव. 1938 मध्ये भारतातून चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातील अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी हेच अक्षर आहे. तुझ्या व्याख्यानाचा गाभा येथे आहे. तू कुऱ्हाडीच्या दांड्यात काय शोधत बसली आहेस?

कोटणीसांच्या मुलाचे नाव यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे शिक्का. त्याच्या प्राचीन रूपात गुडघे टेकलेल्या माणसाला दाबणारा हात दिसतो. हे चित्र अस्सल आहे आणि कोशातला अर्थही खरा आहे, तरीही या नावाशी त्यांचा संबंध नाही. भारताला चिनी भाषेत ‘यिनदू’ म्हणतात आणि त्यातील ‘यिन’ केवळ उच्चारासाठी घेतलेले आहे. 1942 मध्ये जन्मलेल्या त्या बाळाच्या नावात भारत आणि चीन शेजारी आले. त्याच वर्षी 9 डिसेंबरला त्याचे वडील गेले. चित्र उलगडत बसलीस तर सोलापूरकरांना त्या नावात तू वाकवलेला कैदी दाखवशील.

मसुदा नव्याने लिहून पाठव. प्रत्येक अक्षरापुढे प्रथम उच्चार लिही, तो कोणत्या भागातून येतो ते नोंदव, आणि अर्थाचा रकाना माझे उत्तर येईपर्यंत रिकामा ठेव.

तुझा हितचिंतक