पेलेट स्टोव्हच्या दाराची कडी आवळली तरी पुन्हा ढिली होते, काय करावं?

तुम्ही लिहिलं आहे की ग्वाल्हेरच्या घरातल्या पेलेट स्टोव्हच्या (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्या जाळणाऱ्या स्टोव्हच्या) दाराची कडी आवळली की आठवड्याभरात पुन्हा खुळखुळते आणि हल्ली काचही काळी पडते. काच काळी पडते हे वाचून मला कडीपेक्षा दाराभोवतीच्या गॅस्केटच्या दोरीचाच जास्त संशय येतो. ही दोरी उष्णतेने आणि दाबाने चपटी होते, दार चौकटीला टेकत नाही, फटीतून हवा शिरून जळण बिघडतं म्हणून काच काळी पडते, आणि हाताला मात्र कडी सैल लागते. मग आपण कडी आवळत राहतो, आणि शेवटी स्क्रूचे आटे जातात किंवा काच तडकते.

आधी दोष कुठे आहे ते शोधा. स्टोव्ह रात्रभर बंद ठेवा (राखेत निखारे बराच वेळ धगधगतात), प्लग काढा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढून बघा, चारही बाजूंना मिळून निदान आठ ठिकाणी. अडकत निघाली तर ठीक. फक्त कडीच्या बाजूला सहज सुटली तर कडी बघा. सगळीकडे सुटली तर दोरी गेली. दार कडीच्या बाजूने वर उचलून बघा. ते वरखाली हललं तर बिजागरीची पिन झिजली आहे. नवी पिन मिळेपर्यंत पिनीवर, दाराचा जो भाग पिनीत बसतो त्याच्याखाली, एक स्टीलचा वायसर टाकला तरी दार जागेवर येतं.

दोरी घेताना खोबणीची रुंदी आणि खोली मोजून जा. बहुतेक दारांना ८ ते १२ मिमी जाडीची लागते. लोहिया बाजारात हार्डवेअरवाल्याकडे काचधाग्याची दोरी मागा. कुणी ॲस्बेस्टॉसची पुढे केली तर घेऊ नका, स्वस्त असली तरी. जुनी दोरी कसली आहे हे ठाऊक नसेल तर ती पाण्याने भिजवून, मास्क लावून काढा, कोरडी खरवडू नका. खोबण तारेच्या ब्रशने साफ करून सुकू द्या, उष्णतारोधक स्टोव्ह सिमेंटची पातळ रेघ ओढा आणि दोरी न ताणता बसवा. ताणून बसवली की ती बारीक होते आणि पुढे आकसून सांध्यात फट पडते. सांधा कोपऱ्यात आणू नका. दार लावून रात्रभर तसंच ठेवा, मधे प्लास्टिकचा कागद घाला म्हणजे सिमेंट चौकटीला चिकटणार नाही. पेटवण्याआधी तो आठवणीने काढा.

आता कडी. तापणं आणि निवणं रोज चालतं, म्हणून इथले नट सुटतातच. प्लास्टिकचं कडं असलेला लॉकनट इथे निरुपयोगी, ते कडं मऊ पडतं. साधं थ्रेडलॉकही (आटे पकडून ठेवणारा गोंद) दीडशे अंशांच्या आसपास ढिलं पडू लागतं. पूर्ण धातूचा लॉकनट किंवा एकावर एक दोन नट आवळा, आणि आट्यांना तांब्याची अँटी-सीझ पेस्ट लावा, म्हणजे पुढच्या वेळी बोल्ट निघेल. कडीच्या खिळीला तेल-ग्रीस नको, त्याचा धूर होतो आणि राख चिकटते. ग्रॅफाइटची पूड पुरे. एम ६ चे आटे गेले असतील तर ६.८ मिमीचं भोक पाडून एम ८ चा टॅप मारता येतो (म्हणजे मोठे नवे आटे पाडता येतात), पण भोकाभोवती पुरेसं लोखंड असेल तरच. बीड ठिसूळ असतं, म्हणून हळू चालवा. ड्रिलची सवय नसेल तर हे काम खरादवाल्याकडे द्या. काचेच्या क्लिपा मात्र बोटाने आवळून वर फार तर पाव फेरा द्या. लोखंड फुगतं, ही काच जवळजवळ फुगत नाही, तिला थोडी मोकळीक लागतेच.

राखेच्या ड्रॉवरची आणि पेलेटच्या टाकीच्या झाकणाचीही कडी तपासा. ड्रॉवरमधून हवा शिरली की ती जळणाच्या भांड्याखालून न जाता भलतीकडून जाते, ज्योत सुस्त आणि नारिंगी होते, अर्धवट जळालेल्या गोळ्यांचा ढीग साठतो. टाकीचं झाकण सैल असेल तर आग उलट फीडच्या नळीत शिरू शकते. झाकणाचा किंवा दाबाचा स्विच कुणी वायर जोडून बायपास करून देतो म्हणाला, तर त्याला हात लावू देऊ नका.

चालू स्टोव्हच्या दाराच्या कडेने उदबत्ती फिरवा. जिथे धूर आत ओढला जाईल तिथे फट आहे. आत ओढण्याचं हे काम एक्झॉस्टचा पंखा करतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री लाईट गेली की तो थांबतो आणि त्याच फटीतून धूर खोलीत येतो, बरोबर कार्बन मोनॉक्साइडही, ज्याला ना रंग ना वास. दार दुरुस्त होईपर्यंत झोपताना स्टोव्ह बंद ठेवा. पंख्याला चालणारा इन्व्हर्टर आणि झोपायच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, हे दोन्ही या हिवाळ्यातच घ्या.

नव्या दोरीने दार लागतच नसेल तर जोर करू नका. चौकटीवरच्या हुकाच्या पट्टीमागे एक वायसर घाला. पंधरा दिवसांत दोरी दबते, तेव्हा कागदाची पट्टी लावून पुन्हा बघा आणि सैल वाटलं तर तो वायसर काढून टाका.