गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या न्यू यॉर्कमधल्या 'सीन' क्लबातल्या बूटलेगवर (म्हणजे परवानगीशिवाय विकल्या गेलेल्या रेकॉर्डिंगवर) टेक्ससचा गिटारवादक जॉनी विंटर खरंच आहे का? आणि ते रेकॉर्डिंग विकत घ्यावं का?

नाही. जॉनी विंटर त्यात नाही. या एका नावावरून माझ्या मामेभावाने मला भर पंगतीत 'तुला कानच नाहीत' असं ऐकवलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९९७ साली पुण्यात एका रेकॉर्डिंगवाल्याकडून मी नव्वद मिनिटांची कॅसेट भरून घेतली. आतल्या कागदावर त्याने लाल बॉलपेनने लिहिलं होतं, 'हेंड्रिक्स, मॉरिसन, विंटर – लाइव्ह'. एका कॅसेटच्या पैशात तिघं! घरी येऊन लावली. आधी बरीच खरखर, मग गिटार, आणि मग 'डोअर्स' या बँडचा गायक जिम मॉरिसन. तो गातोय असं म्हणायला जीभ रेटत नाही. तर्र होऊन माइकवर शिव्या हासडतोय. आईला इंग्रजी फारसं कळायचं नाही, पण ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "कोण भांडतंय रे?" आणि मागे हेंड्रिक्स मात्र शांतपणे वाजवतोय, बेसूर गवयाला सांभाळून घेणाऱ्या पेटीवाल्यासारखा.

दादा, म्हणजे तोच मामेभाऊ, कॉलेजात गिटार वाजवायचा, त्यामुळे घरात या विषयावर शेवटचा शब्द त्याचा. डोळे मिटून म्हणाला, "हा बघ, हा टेक्ससचा हात. विंटरच." मी म्हटलं, मला तर सगळा हेंड्रिक्सच वाटतोय. तेव्हा इंटरनेट कुठलं? पुरावा आणायचा कुठून? मी गप्प बसलो. पंगतीतला प्रसंग त्यानंतर दोन महिन्यांनी, जिलबी वाढायला आली तेव्हाचा.

आता तारखा बघा. ही मैफल मार्च १९६८ची, न्यू यॉर्कच्या ४६व्या रस्त्यावर तळघरात असलेल्या 'सीन' क्लबातली. विंटर तेव्हा टेक्ससमध्येच होता. त्याच वर्षी डिसेंबरात 'रोलिंग स्टोन' मासिकात टेक्ससच्या वादकांवर लेख आला, त्यात त्याचं कौतुक होतं. ते वाचून 'सीन'चा मालक स्टीव्ह पॉल त्याला शोधत टेक्ससला गेला आणि पुढे त्याचा मॅनेजर झाला. शिवाय विंटरने स्वतःच सांगितलंय की मॉरिसनला तो आयुष्यात कधी भेटलेला नाही. टेक्ससचा हात म्हणे!

आता हेही खरं की विंटर पुढे न्यू यॉर्कला आल्यावर हेंड्रिक्सबरोबर त्याच क्लबात वाजवायला बसला होता. त्यामुळे नावाची सरमिसळ झाली असेल तर नवल नाही. ड्रम आणि बासवर कोण होतं यावरही एकमत नाही. आणि ही टेप प्रेक्षकांतल्या कुणी चोरून केलेली नाही, हेंड्रिक्सच्या स्वतःच्या टेप रेकॉर्डरवरची आहे. पुढे ती चोरबाजारात फिरली, एवढंच.

घ्यावं का? त्यातल्या 'रेड हाउस' या हेंड्रिक्सच्या गाण्यासाठी ऐका. मॉरिसनचा भाग एकदा ऐकून पुढे ढकला. हेच रेकॉर्डिंग निरनिराळ्या कव्हरांत विकलं गेलंय, तेव्हा दोनदा पैसे घालवू नका. कव्हरवरची नावं वाचून तर मुळीच घेऊ नका. आणि कुणी डोळे मिटून 'हात' ओळखायला लागलं तर आधी साल विचारा.

दादा, तू हे वाचत असशील तर ती कॅसेट अजून तुझ्याकडेच आहे. लाल बॉलपेनवाली.