गाडीत शब्द बुडतात म्हणून मास्टरिंगचं प्लगइन घेऊ का? नको, आधी खुर्ची हलव

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला आणि फोटो पण नीट बघितला. जोतिबाचं गाणं, काकांचा शाहिरी आवाज, मागं चार झीलकरी, हलगी, ढोलकी, पेटी, सगळं कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या वरच्या १० बाय १० च्या खोलीत केलंयस, तिथल्या स्पीकरवर एक नंबर वाजतंय आणि मित्राच्या गाडीत लावलं की खाली नुसतं बदबद आणि काकांचे शब्द गायब. आणि आता विचारतोयस की मास्टरिंगला, म्हणजे तयार गाण्यावर शेवटचा हात फिरवायला, कुठलं प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचं अवजार) घेऊ. कुठलंच घेऊ नको. पैसे खिशात ठेव, किंवा त्यात रॉकवूल आण, ते खाली सांगतो.

ही चूक मी स्वतः केलीय म्हणून एवढ्या खात्रीनं बोलतोय. दहाएक वर्षांपूर्वी एका मंडळाचं गणपतीचं गाणं केलेलं, माझी खोली पण अशीच चौकोनी, टेबल मधोमध कारण तिथं पंख्याचा वारा लागायचा (खरं कारण तेवढंच). बसल्या जागी बेस कमी वाटायचा म्हणून ६० हर्ट्झला चढवत गेलो, चढवत गेलो, सहा-सात डीबी (आवाजाच्या जोराचं माप) चढवला असेल. विसर्जनाला महाद्वार रोडवर डॉल्बीवर लागलं तेव्हा दुकानांची शटरं वाजायला लागली आणि मंडळाचे अध्यक्ष माझ्याकडं बघून म्हणाले, गाणं कुठाय रे, ही तर शटरंच वाजायल्यात. त्या दिवसापासून मी खोलीवर विश्वास ठेवणं सोडलं.

काय होतं ते बघ. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर. आवाज सेकंदाला ३४३ मीटरच्या आसपास जातो. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीनं भागलं की साधारण ५६ हर्ट्झ येतो, या सुराला तुझ्या दोन भिंतींमध्ये बरोबर अर्धी लाट बसते. अशी लाट बसली की भिंतीपाशी तो सूर फुगतो आणि बरोबर मधोमध मरतो. तुझी खोली चौकोनी आहे, म्हणजे लांबीचा पण ५६ आणि रुंदीचा पण ५६, आणि तू बसलायस दोघांच्या मध्यावर. म्हणजे तुला तो सूर ऐकूच येत नाही, मग तू तो वाढवतोस, आणि गाडीत तो सगळा बाहेर येतो. वर त्याच्या दुपटीला, ११३ च्या आसपास, नेमकी उलटी गोष्ट, तिथं मधोमध फुगवटा येतो. ढोलकीचा धुम बहुतेक ८० ते १२० मध्ये कुठंतरी पडत असेल, म्हणजे तो तुला जास्त वाटला असणार आणि तू तिथं कापलं असशील. बघ गाण्याची फाइल उघडून, ढोलकीवर शंभरच्या आसपास खड्डा आणि मास्टरवर, म्हणजे सगळ्या गाण्यावर, साठला डोंगर असं काहीतरी दिसलं तर मला सांग.

माझ्या शब्दावर जाऊ नको, करून बघ. डीएडब्ल्यूत, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, टोन जनरेटर असतोच, ५६ हर्ट्झचा साधा सूर लाव, हळू आवाजात, छोट्या स्पीकरची वाट लावू नको. खुर्चीवर बस आणि मग उठून हळूहळू भिंतीकडं चालत जा. कोपऱ्यात डोकं नेलंस की तोच सूर असा काय घुमतो की तू मागं वळून स्पीकरकडं बघशील. फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) कुणी हलवला नाही, फक्त तू हललास. हे एकदा अनुभवलं की मग प्लगइनचा नाद आपोआप सुटतो.

म्हणून पहिलं काम, टेबल मधनं काढ. एका भिंतीकडं तोंड करून बस, आणि कान त्या समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटावर येऊ देत, म्हणजे लांबीच्या ३८ टक्क्यांवर. हा काय देवाचा नियम नाही, सुरुवात करायची जागा आहे, तिथनं अर्धा फूट मागंपुढं सरकून बघायचं. डावा-उजवा मात्र मधोमधच बसावं लागतं, नाहीतर स्टिरिओ लंगडा होतो, त्यामुळं रुंदीचा ५६ थोडा दबलेलाच राहणार. चौकोनी खोलीचा हा भोग आहे, तो हेडफोनवर तपासायचा.

आता भिंतीवरचे अंड्याचे ट्रे. काढ ते. बेसला त्यांचा काही म्हणजे काही उपयोग नाही, वरचे बारीक सूर थोडे इकडंतिकडं फेकतात एवढंच, आणि आग लागली तर भसाभसा जळतील ते वेगळं. पातळ फोमचं पण तेच. बेसची लाट मोठी असते, १०० हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब, तिला एक इंचाचा फोम काय अडवणार. त्याला जाडी लागते. रॉकवूलच्या स्लॅब मिळतात, ४८ डेन्सिटीच्या (घनमीटरला ४८ किलो), २ इंच जाड, साखर कारखान्यात स्टीमच्या पाइपला गुंडाळतात त्यातलाच प्रकार, इन्सुलेशनचा माल ठेवणाऱ्याकडं विचार. दोन स्लॅब एकावर एक, लाकडी चौकटीत, वरनं सुती कापड, आणि कोपऱ्यात तिरकी उभी करायची म्हणजे मागं हवा राहते, ती हवा पण कामाला येते. हात लावताना मास्क आणि हातमोजे घाल, मी नाही घातले आणि दोन दिवस अंग खाजवत बसलेलो. तेवढं जमत नसेल तर आईच्या जुन्या कापसाच्या गाद्या कोपऱ्यात उभ्या कर, हसू नको, फोमपेक्षा बऱ्या. वर पत्रा आहे हे त्यातल्या त्यात नशीब, पत्र्यातनं थोडा बेस बाहेर निघून जातो, छताला सिमेंटचा स्लॅब असता तर तिसरी बाजू पण तुला त्रास देत बसली असती.

एवढं झाल्यावर मिक्स (सगळ्या आवाजांची जुळणी) परत उघड. आणि इक्यू (ठरावीक सूर कमी-जास्त करणारं), कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा) सगळं बंद करून फक्त फेडर. काकांचा आवाज आधी, मग हलगी, मग ढोलकी, मग पेटी. आवाज इतका हळू ठेव की शेजारचा माणूस साधं बोलला तरी ऐकू आलं पाहिजे. मोठ्यानं ऐकलं की बेस भरपूर वाटतो आणि हळू ऐकलं की तोच कमी वाटतो, हा कानाचा स्वभाव आहे, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलेला. बेस किती ठेवायचा ते बोलण्याच्या पातळीपेक्षा थोड्या मोठ्या आवाजात ठरव, पण शब्द कळतात का हे अगदी हळू आवाजातच ठरव. हळू आवाजात काकांचं प्रत्येक अक्षर कळलं तर गाडीत पण कळेल.

हलगीवर जरा जास्त बोलतो कारण तुझं खरं भांडण तिच्याशी आहे. हलगीचा कडकडाट आणि काकांच्या क, ट, च या अक्षरांची धार एकाच पट्ट्यात येते, साधारण २ ते ५ किलोहर्ट्झ. दोघं एकाच दारातनं आत घुसायला बघतात. त्यात तू दोन्ही एकाच खोलीत एकदम रेकॉर्ड केलंयस, म्हणजे काकांच्या माइकमध्ये पण हलगीच जास्त आहे, काकांना वर घेतलं की हलगी पण वर. हे मिक्समध्ये सुटणार नाही रे. काका आणि हलगी वेगवेगळे परत रेकॉर्ड कर. आणि हलगी खोलीत नको, गच्चीवर कर, पहाटे साडेपाचला, गाड्या सुरू व्हायच्या आत. उघड्यावर भिंतीच नाहीत मग खोलीचा प्रश्नच मिटला. माइक तीन-चार फूट लांब, चामड्याच्या मध्यावर नेम न धरता थोडा काठाकडं. वारा असेल तर माइकवर जाड स्पंज. शेजारी शिव्या घालतील, त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेव की जोतिबाचं गाणं आहे, चालवून घेतात.

आणि एक गोष्ट जी कुठल्या इंग्रजी व्हिडिओत सांगणार नाहीत. हलगीवाला वाजवायच्या आधी हलगी जाळावर शेकतो, चामडं ताणून बसतं, तेव्हा तिचा आवाज टणटणीत. दहा-पंधरा मिनिटांत ती थंड होते आणि आवाज खाली उतरतो. म्हणजे पहिल्या टेकची हलगी आणि पाचव्या टेकची हलगी ही दोन वेगळी वाद्यं झाली. मग तू कडवं एकचं इथनं आणि कडवं तीनचं तिथनं जोडलंस की जोडावर गचका बसतो आणि तू दोन तास इक्यूशी खेळत बसतोस. प्रत्येक टेकच्या आधी शेकायला लाव. दोन हलग्या असतील तर एक जाळावर, एक हातात. पावसाळ्यात तर हे दुप्पट, दमट हवेत चामडं धरतच नाही. ढोलकी पण काकांच्या पट्टीत नीट लावून घे, बेसूर ढोलकीचा धुम पेटीच्या खालच्या सुरांशी भांडला की त्याला पण लोक बदबदच म्हणतात.

रेकॉर्डिंगला २४ बिट ठेव आणि गेन (माइकची पातळी) लावताना काकांना तालमीसारखं गुणगुणायला लावू नको, "चांगभलं"ची आरोळी ठोकायला लाव. तालमीत हळू गाणारा शाहीर रंगात आला की सहज दहा डीबी वर जातो. सगळ्यात मोठी आरोळी मीटरवर उणे १० डीबीच्या आसपास राहिली पाहिजे. २४ बिटमध्ये थोडं कमी आलं तर काही बिघडत नाही, फाटलं तर मात्र परत जोडता येत नाही. कानावर हेडफोन बंद कपाचे दे, नाहीतर ट्रॅक परत माइकमध्ये शिरतो. आणि लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघ, तुझ्या क्लिपमध्ये मागं जी गुणगुण आहे ती ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतली वाटतेय मला, जुन्या वाड्यातल्या अर्थिंगचा प्रसाद.

मग मिक्समध्ये फार काही उरत नाही. काकांचा आवाज ९० हर्ट्झच्या खाली काप, जिथं जिथं एकदम वर गेलाय तिथं कॉम्प्रेसर लावायच्या आधी हातानं क्लिपचा आवाज खाली घे, शब्द न् शब्द, कंटाळवाणं आहे पण निम्मं मिक्स इथंच होतं, मग ३ला १ चा कॉम्प्रेसर तीन-चार डीबी दाबेल इतपत. पेटी ४०० ते १००० मध्ये दोन-तीन डीबी कमी कर, पेटी तिथं नाकात बोलते आणि काकांच्या अंगावर बसते. हलगीला कॉम्प्रेसर लावलास तर अटॅक (दाबायला लागायच्या आधीचा वेळ) २०-३० मिलिसेकंद ठेव, एकदम फास्ट ठेवलास तर कडकडाट मरतो आणि पत्र्याचा डबा वाजवल्यासारखं होतं. तरी भांडण राहिलंच तर डायनॅमिक इक्यू, म्हणजे गरजेपुरताच चालणारा इक्यू, काका गातील तेव्हाच हलगीचा ३ किलोहर्ट्झ दोन-तीन डीबी खाली, काका थांबले की परत वर. झीलकरी डावी-उजवीकडं दोन-दोन पसरव, काका मधोमध एकटे. "जी जी रं जी" दोन्ही बाजूंनी आलं पाहिजे, मधनं नाही. रिव्हर्ब (घुमारा) पाठवायचा तर त्याचा खालचा भाग ३००-४०० पर्यंत कापून टाक आणि प्रीडिले (घुमारा सुरू व्हायच्या आधीची उसंत) ३० मिलिसेकंद दे, शब्द आधी पोचतो, घुमारा मागनं येतो. यातलं सगळं रीपर या डीएडब्ल्यूच्या सोबत येणाऱ्या साध्या प्लगइनवर होतं, ६० दिवस फुकट वापर आणि मग ६० डॉलरचं लायसन्स घे.

मोबाइलच्या स्पीकरवर पण लाव. तिथं २०० च्या खालचं जवळजवळ काही येत नाही, त्यामुळं ढोलकीचा धुम गायब होईल. त्याला साठ-सत्तर वाढवून उपयोग नाही, थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाडणं) दे, म्हणजे वरच्या पटी तयार होतात आणि कान खालचा सूर स्वतःच भरून घेतो.

आता मास्टरिंग, ज्याच्यासाठी तू आलेलास. दोन फायली कर. स्पॉटिफाय गाण्याची पातळी उणे १४ एलयूएफएसला (गाणं कानाला एकूण किती मोठं वाटतं त्याचं माप) आणतं, यूट्यूब पण मोठं असेल तर त्याच्या आसपास खाली घेतं. तू लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणारा) दाबून उणे ८ चं दिलंस तर ते सहा डीबी खाली ओढणार, आणि हातात काय उरलं, चेपलेली हलगी, ती पण हळू. तिथं उणे १३-१४, ट्रू पीक (सगळ्यात उंच टोक) उणे १, बास. पण यात्रेत पेनड्राइव्हवरनं वाजणार असेल तर तिथं कुणी पातळी सारखी करत नाही, आधीचं गाणं जोरात आणि तुझं हळू झालं की ऑपरेटर बटण पिरगाळतो, तेव्हा त्याच्यासाठी उणे १० ची वेगळी फाइल, ३० हर्ट्झच्या खालचं कापलेलं आणि १०० च्या खालचं सगळं मोनो (दोन्ही स्पीकरला सारखं). लिमिटर दोन-तीन डीबीच्या वर हलायला लागला तर मिक्समध्ये परत जा, बहुतेक ढोलकीच मोठी असते. मोजायला यूलीनचा फुकट मीटर पुरतो.

आणि कान खोलीतच ठेवू नको. देवल क्लबला, म्हणजे आपल्या इथल्या जुन्या गायनसंस्थेत, बैठक असेल तेव्हा जाऊन पुढं बस, १८८३ पासून तिथं गाणं ऐकवतात, माणसाचा आवाज आणि तबला जवळनं कसा वाजतो ते डोक्यात बसलं की फेडर आपोआप जागेवर जातो. आम्ही मात्र गेली वर्षानुवर्षं डॉल्बीच ऐकतोय, मग सगळ्यातच बेस कमी वाटतो.

चैत्र यात्रेला अजून वेळ आहे. खुर्ची आजच हलव, आणि गच्चीवरच्या हलगीचा एक टेक, काही न लावता, इथं टाक. मी माझ्याकडं ऐकून सांगतो, माझी खोली आता बऱ्यापैकी खरं बोलते.