कानातली शीटी आणि कानाचं मशीन

कानात सतत शीटी वाजते (टिनिटस), ती झाकायला रात्री मोबाईलवर समुद्राचा आवाज फुल्ल लावतोस म्हणालास ना, तो आधी कमी कर. शीटी पूर्ण झाकायची नाही, आवाज तिच्यापेक्षा जरा खालीच ठेवायचा, दोन्ही ऐकू आले की मेंदू हळूहळू शीटीकडे दुर्लक्ष करायला शिकतो. पंखा चालतो, पावसाचं रेकॉर्डिंग चालतं, महागडं अ‍ॅप कशाला? फक्त बातम्या, गाणी वगैरे नकोत, लक्ष तिकडेच जातं.

आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू किती येतं ती तपासणी, केली नसशील तर आधी ती कर, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) ईएनटी, म्हणजे कान-नाक-घशाचा विभाग, आहेच. ऐकू कमी झालेलं बऱ्याच जणांना कळलेलंच नसतं, आणि बाहेरचा आवाज कमी पोचला की मेंदू आपलाच व्हॉल्यूम वाढवतो असं समज, म्हणून तर कानाचं मशीन (हिअरिंग एड) लावल्यावर बोलणंही कळतं आणि शीटीही मागे पडते, सगळ्यांची नाही पण बऱ्याच जणांची. घ्यायच्या आधी ट्रायल मागायचीच, लाजू नको. ओपन डोम, म्हणजे कान पूर्ण बंद न करणारं मशीनचं मऊ टोक, चालत असेल तर तोच घे, कान गच्च बंद झाला की शीटी जास्तच जाणवते. सुरुवातीला भांड्यांचा आवाजही टोचेल, वैतागून कपाटात टाकू नको, सेटिंग बदलून मिळतं. आपल्या पावसाळ्यातली दमट हवा मात्र मशीनची वाट लावते, रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेव.

शीटी एकाच कानात असेल किंवा नाडीसारखी धडधडत असेल तर ते डॉक्टरला मुद्दाम सांग. आणि ऐकू अचानक गेलं तर त्याच दिवशी पळ, उपचाराला उशीर चालत नाही.