सामू ८ की ६.९८?

प्रश्न : मॅडम, रसायनशास्त्राचा पेपर सुटल्यावर जिन्यातच आम्ही उत्तरं जुळवली. हायड्रोक्लोरिक आम्लाची संहती ०.०००००००१ मोलर (लिटरमागे मोल), सामू म्हणजे pH काढा. माझं उत्तर ८, मैत्रिणीचं ६.९८. तेव्हापासून पुढच्या पेपरचं पुस्तक उघडवत नाही.

उत्तर : मैत्रिणीचं बरोबर आहे गं. सूत्रात आकडे टाकले की ८ येतंच, पण सामू ७ च्या वर म्हणजे आम्लारीधर्मी, आणि आम्ल कितीही पातळ केलं तरी ते आम्लारीधर्मी कसं होईल? तू पाण्याला विसरलीस. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्यातच ०.००००००१ मोलर हायड्रोजन आयन असतात, म्हणजे तुझ्या आम्लाच्या दहापट! नुसती बेरीज केलीस तर ६.९६ येईल. पण आम्ल मिसळल्यावर पाण्याचं आयनीभवन, म्हणजे त्याच्या रेणूंचं आयनांत फुटणं, थोडं मागे हटतं, म्हणून ६.९८. मीही शाळेत असताना हेच गणित असंच चुकले होते. ती रात्र अजून आठवते. पायऱ्या लिहिल्या असशील तर थोडे गुण मिळूही शकतील. आता ती प्रश्नपत्रिका कपाटात ठेव. उरलेली उत्तरं शेवटचा पेपर झाल्यावर जुळवा, आणि तेव्हा मैत्रिणीकडून हे समीकरण मांडून घे.