पुराचा खर्च तेल कंपन्यांकडून

प्रश्न : अमेरिकेतील व्हरमाँट राज्याने हवामानबदलाच्या नुकसानीचा खर्च तेल आणि कोळसा कंपन्यांकडून वसूल करण्याचा कायदा केल्याचे वाचले. ज्या काळात तेल विकणे पूर्णपणे कायदेशीर होते, त्या काळाचे पैसे आज मागणे न्याय्य कसे? आणि शेवटी हा बोजा पेट्रोल भरणाऱ्या सामान्य माणसावरच पडणार नाही का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपली पहिली शंका या कायद्याच्या मुळालाच हात घालते. जुलै २०२३च्या पुरात व्हरमाँटची राजधानी माँटपेलियर पाण्याखाली गेली, आणि जेमतेम साडेसहा लाख वस्तीच्या या राज्याने दुरुस्तीचा सारा खर्च करदात्यांच्याच माथी का मारावा, हा प्रश्न विधिमंडळापुढे आला. मे २०२४मध्ये, राज्यपाल फिल स्कॉट यांच्या स्वाक्षरीविनाच, विधेयकाचा कायदा झाला. १९९५ ते २०२४ या काळात ज्यांच्या इंधनामुळे १ अब्ज टनांहून अधिक हरितगृह वायू हवेत गेले, अशाच कंपन्यांना तो लागू होतो. जगाच्या एकूण उत्सर्जनात कंपनीचा जितका हिस्सा, तितकाच राज्याच्या नुकसानीतला हिस्सा तिने भरायचा. न्यूयॉर्कने त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये असाच कायदा करून २५ वर्षांत ७५ अब्ज डॉलर वसूल करण्याचे ठरवले.

ही वसुली म्हणजे दंड नव्हे, कारण तिच्यासाठी गुन्हा सिद्ध करावा लागत नाही. अमेरिकेच्या १९८०च्या ‘सुपरफंड’ कायद्याने, विषारी रसायने टाकण्यास ज्या काळी मनाई नव्हती त्या काळी ती टाकणाऱ्या कंपन्यांनाही जमीन स्वच्छ करण्याचा खर्च द्यायला लावला, आणि न्यायालयांनी ते मान्य केले. अर्थात जमिनीत पुरलेले पिंप एका जागी राहते, हवा मात्र साऱ्या जगाची असते. म्हणूनच राज्यांच्या सीमा ओलांडणाऱ्या प्रदूषणाचा विषय केंद्राच्या अखत्यारीतला आहे, असा विरोधकांचा युक्तिवाद आहे. मे २०२५मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने दोन्ही राज्यांविरुद्ध दावे दाखल केले ते याच भूमिकेतून. हा आक्षेप वजनदार आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही, १९७७ मध्येच एक्झॉनचे शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी इंधनाच्या ज्वलनाने हवामान बदलत असल्याचे आपल्या व्यवस्थापनाला सांगितले होते, हे लक्षात घेता ‘आम्हाला कल्पना नव्हती’ ही सबब मला पटत नाही.

आता पेट्रोलच्या दराविषयी. ही आकारणी विकून झालेल्या इंधनावर आहे, आज विकल्या जाणाऱ्या प्रत्येक लिटरवर नाही. कच्च्या तेलाचा भाव जागतिक बाजारात ठरतो, त्यामुळे एखाद्या कंपनीने जुनी देणी फेडण्यासाठी एकटीनेच दर वाढवले, तर ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे वळेल. थोडीफार दरवाढ होणारच नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. मात्र पुराने वाहून गेलेल्या पुलांचा आणि रस्त्यांचा खर्च व्हरमाँटचा सामान्य माणूस आजही आपल्या करांतून भरतोच आहे.